शरदातली पायवाट

वऱ्हाडातला शरद पानगळीच्या रंगांवरून ओळखू येत नाही. सोयाबीन निघतं, कपाशीची पहिली वेचणी सुरू होते, दुपारी ऑक्टोबरचं ऊन भाजतं आणि संध्याकाळी हवा निवते. याच दिवसांत, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, मुली घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात आणि झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखतात. आपला मोहल्ला पायी ओळखण्याची ही जुनी रीत फ्लॅटच्या फाटकाशी अडावी, हे आम्हाला सलतं. महानगरांतल्या सोसायट्यांत हॅलोविनला मुलं दारं ठोठावतात. त्यावर नाक मुरडण्याचं कारण नाही. अनोळखी दार उघडतं, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच मोलाचा. मात्र भुलाबाई एका संध्याकाळपुरती नसते, महिनाभर चालते. म्हणूनच तिच्यामुळे शेजार जोडला जातो.

या अंकात आम्ही अमरावतीत पेंढाऱ्यांच्या भयानं १८०७ साली बांधायला घेतलेल्या परकोटापासून पायी निघून अंबादेवी-एकवीरेच्या परिसरातून वडाळी आणि छत्री तलावांकडे जातो, आणि अकोल्यात मोर्णा नदीकाठच्या असदगड किल्ल्याकडून नेहरू पार्ककडे. रस्त्यांवर गर्दी आहे, अंधार आहे, मुलींना एकट्यानं कसं पाठवायचं, असं पालक म्हणतील. काळजी रास्तच आहे. पण भुलाबाईत मुली घोळक्यानं फिरतात, आणि मोठी माणसंही सोबत निघाली तर बंद दिवे, तुटलेले फुटपाथ रोज नजरेस पडतील, त्यांची तक्रारही होईल. तुमच्या गल्लीत भुलाबाई अजून बसते का, खिरापतीला काय असतं, कोणती बाग चालण्याजोगी उरली आहे, हे आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात त्या पत्रांसाठी पानं राखली आहेत.