सायकल आणि शुगरची गोळी

आमच्या दवाखान्यात नेहमी येणारे एक व्यापारी आहेत. वय ५६, दहा वर्षांपासून मधुमेह, दिवसभर गादीवर बैठक. त्यांचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. तो सुट्टीत चार दिवस भूमध्य समुद्रातील मायोर्का या स्पेनच्या बेटावर गेला, आणि तेथे केले काय, तर भाड्याची सायकल घेऊन डोंगर-किनाऱ्याने हिंडला. युरोपातील कितीतरी लोक पदरचे पैसे मोजून याच कामासाठी त्या बेटावर जातात. बापाला हे पटेना. "डॉक्टरसाब, इमानानं जाऊन सायकलच हाणायची, तर आपलं पालम काय वाईट होतं?"

प्रश्न चेष्टेचा होता, पण मला तो खरा वाटला. आपल्याकडे सायकल म्हणजे गरिबाचे वाहन. चाळिशीनंतर कोणी सायकलवर दिसला की लोक विचारतात, "गाडी बिघडली का?" मीही याच लाजेपायी सायकल सोडली होती, हे कबूल करतो.

मग मागच्या डिसेंबरात आम्ही दोघांनी ठरवले. शनिवारी गंगाखेड, मुक्काम त्यांच्या व्याह्यांकडे, रविवारी परत. अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे. त्याआधी महिनाभर रोज सकाळी अर्धा तास सराव केला. त्यांचा ईसीजी काढला, पायाला जखम नाही हे पाहिले. सीटही वर घेतली. पायडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहावा. आपण सीट फार खाली ठेवतो आणि गुडघे दुखले की सायकलला बोल लावतो.

उन्हाच्या आत निघालो. दोन्ही बाजूंनी तूर, हरभरा, जोंधळा. उसाच्या ट्रॉल्या आल्या की खाली उतरून उभे राहायचे. खिशात गूळ-शेंगदाणे होतेच. दुपारी गोदावरीच्या घाटावर बसलो, जनाबाईंचे दर्शन घेतले. इतके हसताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

रात्री दोन वाजता व्याह्यांनी मला हलवून उठवले. आमचे शेठ घामाघूम, हात थरथरताहेत, बोलणे असंबद्ध. मशीनवर साखर ५२. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, मग दूध-भाकरी दिली. माणूस शुद्धीवर होता म्हणून हे जमले. बेशुद्धाच्या तोंडात काही ओतू नये, सरळ दवाखाना गाठावा.

चूक माझी होती. दिवसाची काळजी मी घेतली, रात्रीची विसरलो. श्रमात स्नायूंतला साखरेचा साठा संपतो आणि तो भरून काढण्यासाठी स्नायू पुढे कित्येक तास रक्तातली साखर ओढत राहतात. अशा रात्री थकव्याने जेवण कमी आणि ग्लिमेपिराइडची गोळी मात्र रोजच्याप्रमाणे पूर्ण! इन्सुलिन किंवा अशा गोळ्या घेणाऱ्यांनी जास्त श्रमाच्या दिवशी डोस किती घ्यायचा हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, रात्री पोटभर जेवावे आणि झोपण्यापूर्वी साखर तपासावी. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना हा धोका फार कमी. मनाने गोळी बंद करणे मात्र तितकेच वाईट.

सकाळी घरच्यांनी दोन्ही सायकली टेम्पोत घातल्या. पालममध्ये बातमी आमच्या आधी पोचली होती: सायकलने शेठला आडवे केले. गेला महिनाभर मी हेच खोडून काढतो आहे. दोष सायकलचा नव्हता, माझ्या चिठ्ठीचा होता. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम हवा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गादीवर बसून ती मिनिटे भरत नाहीत, आणि मधुमेह्याला घरी बसवून ठेवणारी भीती मला त्या रात्रीपेक्षा अधिक घातक वाटते.

शेठजींची रात्रीची गोळी आता अर्धी केली आहे. वहिनींनी अजून परवानगी दिलेली नाही. त्यांची अट एकच, डॉक्टरांनी रात्री जागे राहायचे. मी होकार कळवला आहे.