पैसे देऊन रोही बघितला



मागच्या आठवड्यात भाचीचं लग्न होतं, पांढरकवड्याला. मामा म्हटल्यावर जाणं आलंच. हळद शिजवून, वाळवून मोंढ्यात गेलेली, वावरात नुसती नांगरटीची ढेकळं. म्हणून यंदा लग्नाला एक दिवस जोडून घेतला. लेकीचा कधीचा हट्ट होता, टिपेश्वर बघायचं. सुन्ना गेट तिथून जवळच. सकाळच्या जिप्सीचं बुकिंग तिनंच मोबाईलवर केलं.

कळमनुरी, पुसद, दिग्रस, आर्णी करत पोचलो. लग्नाचं काय सांगायचं, मुहूर्त साडेबाराचा आणि अक्षता पडल्या पावणेतीनला. बहिणीला घरची पाच किलो हळद नेली होती. 2024 मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून हळद देताना आपलीही मान जरा ताठ असते.

दुसऱ्या दिवशी अंधारातच निघालो. आई, बायको, दोन लेकरं. साग पार वाळलेला, पानगळ झालेली, त्यामुळं लांबवर दिसतं. उन्हाळ्यात जनावर पाण्यावर येतंच, म्हणून लग्नसराईचा हा काळ बघायला चांगला. चितळं दिसली, मोर दिसले. वाघ काही दिसला नाही. मग पाणवठ्यावर एक मोठा रोही आला आणि पुढच्या जिप्सीतली शहरातली मंडळी उभं राहून फोटो काढायला लागली. आई म्हणाली, "एवढे पैसे भरून रोही बघायला आलो व्हय? घरी तर फुकट येतोय."

सगळे हसले. धाकट्यानं मात्र विचारलं, "पप्पा, ह्यालाच मारायला आपण तार लावली होती का?"

हे इथं कधी लिहिलं नव्हतं. तीन वर्षांमागं हरभऱ्यात रोही अन् डुक्करं घुसून दीड एकर लोळवला. जागल करून जीव विटला. मग मी तारेत डायरेक्ट लाईन सोडली. सात-आठ रात्री काही झालं नाही. नंतर एका सकाळी बटन बंद करायचं राहिलं आणि आमचा कुत्रा तारेला चिकटून गेला. त्याच्या मागं दहा पावलांवर हाच धाकटा दुधाची कॅटली घेऊन येत होता.

रोह्याचं नुकसान खोटं नाही. हळदीला तो तोंड लावत नाही, पण तुडवतो. सोयाबीनचे कोंब तर एका रात्रीत साफ. पण डायरेक्ट करंटला मी आता ठाम विरोध करतो, कुणाला राग आला तरी चालेल. लाईनचा करंट सलग वाहतो, माणूस चिकटला की सुटत नाही. झटका मशीनचा करंट क्षणभर येतो आणि थांबतो. चांगला दणका बसतो, पण जनावर मागं सरतं, जीव जात नाही. म्हणून मशीन धड कंपनीचंच घ्या. घरगुती जुगाड करून पुन्हा लाईन जोडू नका. तारेला गवत टेकलं की झटका कमी पडतो, तेवढी साफसफाई आपल्याकडं.

आणि तारेला काय चिकटेल ते आपल्या हातात नसतं. 2019 मध्ये टिपेश्वरचाच एक कॉलर लावलेला तरुण वाघ तेलंगणातल्या आदिलाबादकडून नांदेड, मग आपल्या हिंगोलीतून वाशिम, अकोला करत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत गेला. पाच महिन्यांत 1300 किलोमीटर. नदी-नाल्याच्या कडेनं, बहुतेक रात्री. म्हणजे आपल्यासारख्यांच्या वावरातून, तारांमधूनच की. रोही-डुक्कर खाणारं जनावर तेच, आणि आपण तेही मारून बसलो असतो.

सरकारचंही सांगतो. गेटवर पर्यटकाकडून पैसे घेता, तिथल्या गावच्या पोरांना गाईडचं काम मिळतं, ते चांगलंच आहे. पण तोच रोही अभयारण्याच्या बाहेर वर्षभर शेतकऱ्याच्या वावरात जेवतो. त्याच्या जेवणाचे पैसे आम्ही अर्ज, पंचनामा, फेऱ्या मारून मागायचे आणि तेही नुकसानीच्या मानानं चिल्लर. झटका मशीनचं अनुदान जंगलाला लागून असलेल्या गावांपुरतं न ठेवता, जिथं पंचनामे होतात त्या प्रत्येक गावाला द्यायला पाहिजे. तोवर नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत वनविभागाकडं अर्ज टाका, फोटो काढून ठेवा. पंचनामेच नसतील तर आपलं गाव कागदावर येणार कसं?

पेरणी तोंडावर आहे. मी पाच एकराला 12 व्होल्टच्या बॅटरीवरचं सोलर मशीन बघतोय. कळमनुरी-औंढा भागात कुणी दोन हंगाम वापरलं असेल तर तारेच्या किती ओळी लावल्या आणि डुक्कर खालून घुसतं का, तेवढं कळवा.