पिस्टन बदलावा की ठेवावा?

मोटरसायकल ही चैनीची वस्तू मानली जाण्याचा काळ केव्हाच मागे पडला. तालुक्याच्या गावाहून खेड्यातील शाळेत जाणारा शिक्षक, कचेरी गाठणारा कारकून, पहाटे दुधाच्या किटल्या वाहणारा शेतकरी या साऱ्यांचा दिवस तिच्यावर अवलंबून असतो. अशा गाडीचे इंजिन वाटेत धरते, मिस्त्री ते उघडतो आणि ओरखडे उठलेला पिस्टन मालकाच्या हातात ठेवतो. मग प्रश्न उभा राहतो: हाच साफ करून पुन्हा बसवावा की नवा आणावा? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु त्यात मध्यमवर्गीय कुटुंबाचे महिन्याचे अंदाजपत्रक, स्वाराची सुरक्षितता आणि कारागिराची सचोटी या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत. म्हणूनच त्याचे उत्तर कोणत्या रीतीने दिले जाते, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

या बाबतीत आपल्याकडे दोन पंथ दिसतात. पहिला काटकसरीचा. पिस्टनवर बारीक पॉलिश पेपर फिरवावा, नव्या रिंगा घालाव्यात आणि गाडी रस्त्यावर आणावी, हा त्याचा रिवाज. दुसरा पंथ सर्व काही बदलण्याचा. इंजिन उघडलेच आहे, तर ब्लॉक-पिस्टन नवेच घाला, असा त्याचा सल्ला असतो. पहिल्या पंथाला दुसरा उधळा वाटतो, तर दुसऱ्याला पहिला अडाणी वाटतो. वस्तुतः दोघांचा दोष एकच आहे. दोघेही निर्णय आधी घेतात आणि तपासणी नंतर करतात. पुष्कळदा तर करीतच नाहीत.

पिस्टनला काय सोसावे लागते हे ध्यानात घेतले, म्हणजे नुसत्या नजरेवर विसंबणे किती अपुरे आहे ते कळते. १९८५ साली भारतात आलेल्या हिरो होंडा सीडी १०० या गाडीच्या पिस्टनचा व्यास सुमारे ५० मिलिमीटर आणि धाव ४९.५ मिलिमीटर होती. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेऊ लागले, की असा पिस्टन सेकंदाला दोनशे वेळा थांबतो आणि पुन्हा धावू लागतो. त्याच्या माथ्यावर जळणाऱ्या वायूचे तापमान दोन हजार अंश सेल्सियसच्याही वर जाते. शुद्ध अॅल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते. पिस्टन अॅल्युमिनियम आणि सिलिकॉन यांच्या मिश्रधातूचा असतो आणि हा धातू उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतो. ५० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन शंभर अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सुमारे ०.१ मिलिमीटरने वाढतो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये ठेवलेली फट मात्र नव्या लहान इंजिनात मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते. त्या फटीत तेलाचा पातळ थर टिकून राहतो, तोवर सर्व सुरळीत चालते. तो तुटला, की धातूला धातू घासतो आणि पिस्टन धरतो.

आता इजा कोणत्या प्रकारची आहे, याचा विवेक केला पाहिजे. माथ्याला पडलेले भोक वा तडा, रिंगांच्या खाचांमधील तुटलेली कडा, पिनेच्या भोकाची झीज, माथ्याची वितळलेली किनार यांपैकी एकही खूण दिसली, तर चर्चेला जागाच उरत नाही. असा पिस्टन भंगारात टाकावा. उलटपक्षी कार्बनमुळे खाचेत अडकलेली रिंग, माथ्यावरचा काळा थर किंवा नखाला न जाणवणारे उभे पुसट ओरखडे ही पिस्टन बदलण्याची कारणे नव्हेत. सिलिंडरच्या भिंतीवर दिसणारा ओरखडादेखील कित्येकदा खरा ओरखडा नसतो. तो पिस्टनचे अॅल्युमिनियम चिकटून राहिल्याचा माग असतो. ते काळजीपूर्वक काढले, तर खालचे बीड शाबूत सापडू शकते.

या दोन टोकांच्या मध्ये जी मोठी संशयाची जागा आहे, तेथे डोळ्यांचे काम संपते आणि मापनाचे सुरू होते. पिस्टन दिसायला गोल असला, तरी तो हेतुपुरस्सर किंचित लंबगोल आणि वर निमुळता घडविलेला असतो. म्हणून त्याचे माप माथ्याशी घेऊन उपयोग नाही. ते खालच्या बाजूस, कंपनीने सांगितलेल्या उंचीवर आणि पिनेशी काटकोनात, मायक्रोमीटरने घ्यावे लागते. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, दोन दिशांनी, बोअर गेजने मोजावा लागतो. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधील अंतर आणि खाचेतील तिची सैल फीलर गेजने पाहावी लागते. प्रत्येक गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत या झिजेच्या मर्यादा दिलेल्या असतात. माप मर्यादेत असेल, तर पिस्टन ठेवावा. नसेल, तर बदलावा. यात मिस्त्रीच्या मर्जीचा किंवा मालकाच्या ऐपतीचा प्रश्न येत नाही.

बदलण्याचा सल्ला नेहमीच सुरक्षित असतो, हा समजही तपासून घेतला पाहिजे. झिजलेल्या सिलिंडरमध्ये नुसता नवा पिस्टन घातला, तर तो खडखडतो. म्हणून सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागतो. बिडाच्या सिलिंडरसाठी ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर अशा वाढीव मापांच्या पायऱ्या प्रचलित आहेत. म्हणजे सिलिंडरला फार तर चार जन्म मिळतात. गरज नसताना केलेले प्रत्येक बोअरिंग त्यांतील एक जन्म खर्ची घालते. १९९६ साली उत्पादन थांबलेल्या येझदी आणि आरएक्स १०० या गाड्या ज्यांनी जतन केल्या आहेत, त्यांना या हिशेबाची किंमत चांगली ठाऊक आहे. अलीकडच्या ज्या गाड्यांच्या सिलिंडरला आतून कठीण मुलामा असतो, त्यांत तर बोअर करण्याची ही सोयच नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा कारणाचा आहे. पिस्टन आपणहून बिघडत नाही. तेल संपलेले असते, तेलाचा पंप नीट चालत नसतो, कार्ब्युरेटरची जेट तुंबलेली असते, कोठून तरी जादा हवा शिरत असते किंवा ठिणगी वेळेआधी पडत असते. हे कारण न शोधता पिस्टन बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. अशा वेळी नवा पिस्टनही थोड्याच दिवसांत जुन्याच्या वाटेने जातो. मग मालक मिस्त्रीला दोष देतो, मिस्त्री सुट्या भागांच्या दुकानदाराला दोष देतो आणि मूळ दोष इंजिनात तसाच राहतो.

लहान गॅरेजवाल्याला एवढी उपकरणे परवडावीत कशी, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. तथापि मायक्रोमीटर आणि बोअर गेज ही एकदा घेतली, की वर्षानुवर्षे टिकणारी साधने आहेत. बोअरिंगचे काम ज्या लेथवर जाते, तेथे ती बहुधा असतातच. सिलिंडर कापण्यापूर्वी तेथून माप घेऊन ते लिहून आणणे अवघड नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून ही साधने वापरण्याचे शिक्षण दिले जाते. प्रश्न ज्ञानाच्या अभावाचा नसून, ते ज्ञान गॅरेजच्या दारातून आत येण्याचा आहे. ते ग्राहकाच्या आग्रहाशिवाय येणार नाही. बिलावर केवळ ‘इंजिन काम’ असे लिहून न देता पिस्टनचे माप, सिलिंडरचे माप आणि बिघाडाचे कारण लिहून द्यावे, जुने भाग परत करावेत, एवढी मागणी प्रत्येक सुशिक्षित गाडीमालकाने केली, तरी पुष्कळ काही साधेल. प्रामाणिक मिस्त्रीला तिचा जाच वाटण्याचे कारण नाही. उलट त्याच्या प्रामाणिकपणाला तो लेखी आधार होईल.

उत्पादकांचीही यात जबाबदारी आहे. झिजेच्या मर्यादा आणि दुरुस्तीची पद्धत ही कंपनीच्या अधिकृत केंद्रापुरती राखून ठेवण्याची गोष्ट नव्हे. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टलही सुरू केले आणि वाहन क्षेत्राचा त्यात समावेश केला. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. परंतु कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला ही माहिती त्याच्या भाषेत मिळत नाही, तोवर हा हक्क कागदावरच राहील.

एक मर्यादा मात्र निःसंदिग्धपणे मान्य केली पाहिजे. भर वेगात पिस्टन धरला, तर मागचे चाक जाम होऊन स्वार रस्त्यावर फेकला जाऊ शकतो. म्हणून जेथे मोजमाप होऊच शकत नाही, तेथे संशयाचा फायदा पिस्टनला नव्हे, स्वाराला मिळाला पाहिजे. काटकसर हा गुण आहे खरा. पण मागच्या आसनावर मुलाला बसवून शाळेत नेणाऱ्या बापाला तो या ठिकाणी परवडणारा नाही.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत पिस्टन नाही, तेव्हा हा वाद लवकरच इतिहासजमा होईल, असे कोणी म्हणेल. पिस्टन जाईल, पण प्रश्न जाणार नाही. उद्या तोच बॅटरीच्या सेलविषयी विचारला जाईल: एक सेल बदलावा की सगळी बॅटरी? त्या वेळीही मोजून ठरविण्याची सवय नसेल, तर पुन्हा एक जण फुंकर मारून चालवून घेईल, दुसरा सगळेच फेकून देईल आणि खर्च मात्र दोघांच्याही ग्राहकांच्या माथी बसेल. ती सवय लावून घेण्यास आजचा पिस्टन पुरेसा आहे.