परतीचे पंधरा दिवस

परदेशी जायचे ठरले की वर्षभर आधी तयारी सुरू होते. पासपोर्ट, व्हिसा, पतसंस्थेचे कर्ज, शिल्लक रजेचा हिशेब, लोणच्याच्या बरण्या. परत आल्यावर घर पुन्हा कसे चालू करायचे, याची तयारी मात्र कोणी करीत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही चौघे मुलांच्या मावशीकडे इंग्लंडात, बर्मिंगहॅमला, सात आठवडे राहून आलो. मावशी तिथे नर्स आहेत. तिकिटांचा निम्मा भार त्यांनीच उचलला. प्रवासवर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. आम्ही आल्यानंतरचे लिहितो.

पहिली गोष्ट झोपेची. उन्हाळ्यात इंग्लंडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. तिथले रात्रीचे दहा म्हणजे इथले अडीच. त्यात जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड, त्यामुळे मुले उशिरा निजायला सोकावलेली. इथे आल्यावर रात्री दोनला सगळे घर टक्क जागे आणि पहाटे नळाला पाणी आले की कोणी उठेना. जाताना एवढा त्रास होत नाही, कारण उशिरा झोपणे शरीराला सोपे, लवकर झोपणे अवघड. साधारण दिवसाला एक तास या हिशेबाने शरीर वळणावर येते. कितीही कमी झोप झाली तरी ठरल्या वेळी उठावे, सकाळच्या उजेडात बाहेर पडावे, दुपारी पसरू नये. शाळा उघडायच्या आठ दिवस आधीचे तिकीट काढले होते, ते कामी आले. आम्ही स्वतः मात्र दुसऱ्याच दिवशी ऑफिसात. रजाच उरली नव्हती.

दुसरी गोष्ट पाण्याच्या पिंपाची, आणि ती महत्त्वाची. जाताना पिंप रिकामे करून पालथे घातले होते. आता नुसते विसळून भरावे, असे कोणालाही वाटेल. पण डेंग्यूचा डास पाण्याच्या काठाशी भांड्याच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवतो आणि ती कोरड्यात कित्येक महिने टिकतात. पाणी भरले की त्यातून अळ्या निघतात. आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणून पिंप, बादल्या, कुंडीखालच्या ताटल्या आतून काथ्याने खसाखसा घासल्या. वस्तीत आठवड्याचा कोरडा दिवस पाळा म्हणून आम्हीच सांगत फिरतो, तेव्हा आपल्या घरापासून सुरुवात करणे भागच होते.

पैशाचे थोडक्यात. उरलेले परदेशी चलन आल्यापासून 180 दिवसांच्या आत बदलून घ्यायचे असते. 2000 डॉलरच्या किमतीपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात. आमच्याकडे उरले होते पंधरा पौंड, त्यामुळे कायद्याची भीती नव्हती! नाणी इथे बहुधा कोणी बदलून देत नाही. ती मावशींकडेच ठेवून आलो.

खरा प्रश्न आमच्या मुलीचा निघाला. यंदा दहावी. तिथे तिला खिडकीजवळ टेबल होते. शहरात 2013 साली उघडलेले मोठे ग्रंथालय आहे, तिथे ती तासन्‌तास बसायची. इथे एक खोली, टीव्ही, शेजारचा मिक्सर. चार दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. मग म्हणाली, "पप्पा, आपलं घर एवढं लहान आहे हे मला आधी माहीतच नव्हतं."

यावर रागावण्यासारखे काय आहे? तिने पाहिले ते खरे आहे. मुलांच्या आईने तिला एवढेच विचारले, मावशी बारा-बारा तासांची पाळी करून येते तेव्हा बाळ कोणाकडे ठेवते? तिथे पाळणाघराची फी ऐकून आम्हीच गप्प झालो होतो. इथे आमची चावी सात आठवडे शेजारच्या काकींकडे होती; तुळस हिरवी, लाइटबिल भरलेले, आल्या दिवशी पिठलं-भाकरी तयार. मुलीने ऐकून घेतले. पटले की नाही, सांगता येत नाही. टेबल काही त्याने आले नाही.

आता ती सकाळी सहाला वस्तीतल्या अभ्यासिकेत जाते. तिथे दहा मुले आणि एकच ट्यूबलाइट. दुसऱ्या ट्यूबलाइटसाठी समितीकडे अर्ज दिला आहे. मुलीने खाली आणखी एक ओळ लिहून आणली: रविवारीही उघडी ठेवावी.