चांदवडचा कातळ वाचणार कोण?

१/ चांदवडची जैन लेणी ज्या कातळात कोरली, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. अखंड बेसाल्टात पाणी मुरत नाही. ते झिजलेल्या थरांत आणि भेगांत साठते. म्हणूनच एक विहीर भरते, शेजारची कोरडी राहते.

२/ हा भेद ओळखणे हे उपयोजित भूशास्त्राचे काम. मुंबईच्या आयआयटीत त्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. १९७२च्या दुष्काळानंतर राज्यात विंधनविहिरी वाढल्या. तरी अनेक शेतकरी आजही पाणाड्याच्या नारळावर विसंबून कर्ज काढतात.

३/ यात दोष शेतकऱ्याचा नाही. पदव्युत्तर प्रबंधांतून अशा अवर्षणग्रस्त तालुक्यांचे भूजल-नकाशे तयार व्हावेत आणि ते ग्रामसभेत मराठीतून मांडले जावेत. कपाटात राहिलेल्या प्रबंधाने कुणाचीही विहीर भरत नाही.