भाकरी किती, उसळ किती?

सातारा-सांगलीकडच्या मधुमेहाच्या ओपीडीत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. 'साखर बंद केलीय, आता गूळच खातो' हे पहिले. 'गहू सोडून ज्वारीवर आलोय, तरी शुगर उतरत नाही' हे दुसरे. दोन्ही वाक्यांत पथ्य पाळण्याची प्रामाणिक धडपड आहे. तरीही रिपोर्ट हलत नाही. मग गोळी वाढते, काही वर्षांनी इन्सुलिन येते आणि 'पथ्य पाळूनही काही उपयोग नाही' अशी निराशा घरात शिरते. चूक पथ्य पाळण्यात नसते. पथ्य म्हणून जे सांगितले जाते, तेच बहुतेक वेळा अपुरे असते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीतील आहाराविषयीचा भाग २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात आला. भारतीय माणसाला मिळणाऱ्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के उष्मांक भात, पोळी, भाकरी, साखर अशा पिष्टमय आणि गोड पदार्थांतून येतात. प्रथिनांचा वाटा जेमतेम १२ टक्के आहे.

या अभ्यासातील दोन निष्कर्ष कृष्णाकाठाने नीट वाचावेत असे आहेत. एक, पिष्टमय पदार्थांचे एकूण प्रमाण तेवढेच ठेवून भाताच्या जागी गहू किंवा भरडधान्य आणले, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. दोन, एकूण उष्मांकांपैकी पाच टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांऐवजी डाळी-कडधान्ये किंवा दूध-दही यांतील प्रथिनांतून घेतले, तर धोका कमी होतो. हा पाहणीवरून मांडलेला हिशेब आहे, औषधासारखी चाचणी नव्हे. पण रोजच्या उपचारातील अनुभव त्याला धरूनच आहे. ज्यांना मधुमेह झालेलाच आहे, त्यांची जेवणानंतरची शुगर मुख्यतः ताटातल्या पिष्टाच्या प्रमाणावरच ठरते.

भरडधान्य हे आजही मुख्य अन्न असलेली देशात मोजकीच राज्ये उरली आहेत आणि महाराष्ट्र त्यांपैकी एक. माण, खटाव, जत, आटपाडी या भागांत ज्वारी-बाजरी ही फॅशन म्हणून आलेली नाही. ती पिढ्यान् पिढ्यांची भाकरी आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि शहरातल्या दुकानांत ज्वारीला नवी प्रतिष्ठा मिळाली. ज्वारी चांगलीच आहे. पांढऱ्या तांदळापेक्षा तिच्यात तंतू कितीतरी जास्त असतात, पोट भरल्याची भावना अधिक वेळ टिकते. पण १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम पिष्ट असते आणि तेवढ्याच गव्हाच्या पिठात सुमारे ६५. म्हणजे या दोघींत फार अंतर नाही.

आता भाकरीचा आकार पाहू. आपल्याकडच्या मोठ्या भाकरीला ७०-८० ग्रॅम पीठ सहज लागते. एका भाकरीतून ५० ग्रॅमच्या आसपास पिष्ट पोटात जाते. दोन भाकरी आणि वर वाटीभर भात झाला, की आकडा १४० ग्रॅमच्या घरात पोहोचतो. सोबत पातळ आमटी असेल, तर त्या वाटीत डाळ असते १५-२० ग्रॅम आणि प्रथिने जेमतेम चार ग्रॅम. चटणी-भाकरी खाऊन दिवसभर मोट हाकणाऱ्या, नांगर धरणाऱ्या माणसाला हे ताट पचत होते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचे पाणी आले, पिके बदलली, ट्रॅक्टर आणि दुचाकी आली. अंगमेहनत कमी झाली, ताट मात्र तेच राहिले.

त्यात भारतीय शरीराची एक खोड आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे परिसरातील खेड्यांत केलेल्या दीर्घ अभ्यासातून ती जगापुढे मांडली. आपल्याकडची बाळे वजनाने कमी जन्मतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. म्हणूनच दिसायला किडकिडीत असलेल्या शेतकऱ्यालाही मधुमेह होतो. स्नायू हे शरीरातले साखर वापरणारे मोठे कोठार. ते टिकवायला प्रथिने आणि व्यायाम दोन्ही लागतात.

गुळाचा मुद्दा उसाच्या पट्ट्यात नाजूक आहे. गूळ घरचा असतो, सेंद्रिय असतो, पाहुण्याला पाण्याबरोबर दिला जातो. पण रासायनिकदृष्ट्या तो बहुतांश साखरच आहे आणि चमचाभर गुळातून मिळणारे लोह नगण्य आहे. शुगर तो साखरेसारखीच वाढवतो. बेदाण्याचेही तेच. द्राक्षातले पाणी उडून गेले की साखर एकवटते, त्यामुळे मूठभर बेदाणे म्हणजे बऱ्याच द्राक्षांची साखर. उपवासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे.

मग खायचे काय? उत्तर याच मातीत आहे. मटकी, हुलगा, हरभरा, चवळी यांत २० ते २२ टक्के प्रथिने असतात. कोरेगाव भागातल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण स्थानिक ताटात तो रोज दिसत नाही. घट्ट उसळ, पिठले, ताक-दही, परवडत असेल आणि चालत असेल तर अंडी-मासे, सोबत मेथी, चाकवत, शेपू, गवार, कृष्णाकाठची वांगी. ताटाचा अर्धा भाग भाज्या, पाव भाग उसळ, डाळ, अंडी यांपैकी काही आणि उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा भात. भाकरी आणि भात दोन्ही एकाच जेवणात नकोत. २००० उष्मांकांच्या आहारात पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम पिष्ट, अर्थात मोठी अर्धी भाकरी. सुरुवात एवढ्यानेही करता येते. आधी भाजी-उसळ आणि शेवटी भाकरी खाल्ली, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले, तर शुगरचा चढ आणखी कमी होतो.

इथे एक इशारा महत्त्वाचा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना मनानेच भाकरी निम्मी केली किंवा एकादशीला कडक उपवास धरला, तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. अशा वेळी मात्र साखर किंवा ग्लुकोज लगेच द्यायचे असते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा. आहार बदलण्यापूर्वी औषधाचा डोस डॉक्टरांशी बोलून ठरवावा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने किती घ्यायची, हेही विचारून घ्यावे.

शेवटी प्रश्न परवडण्याचा आहे. रेशनवर प्राधान्य गटातील माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मोफत मिळते, ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळ दुकानातून विकत आणावी लागते. म्हणजे ज्या ताटात पिष्ट आधीच जास्त आहे, तिथे पिष्टच स्वस्त आणि प्रथिने महाग. घरातही वाटप सारखे नसते. सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला उसळीचा रस्सा आणि उरलेली भाकरी येते. मधुमेह तिलाही असतो, पण तिच्या ताटाकडे कुणी पाहत नाही.

म्हणून 'गोड बंद करा' एवढे चिठ्ठीवर लिहून भागणार नाही. तपासणीच्या वेळी भाकरी किती आणि उसळ किती, हे विचारले गेले पाहिजे. आयुष्मान आरोग्य मंदिरांत तिशीपुढच्या लोकांची शुगर तपासली जाते, तिथेच आशाताईंच्या हाती ताटाचे एक साधे चित्र देता येईल. रेशनच्या पिशवीत धान्याबरोबर नियमित किलोभर कडधान्य आले, तर त्याचा उपयोग अनेक सल्ल्यांपेक्षा जास्त होईल. मटकी आणि हुलगा पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्यातून बाजारही मिळेल. मधुमेहाने निकामी होणारे डोळे, कापावे लागणारे पाय आणि डायलिसिसच्या फेऱ्या यांच्या खर्चापुढे ही वाटीभर उसळ फार महाग नाही.