आधी मधला स्पीकर बघा

होम थिएटर बसवून द्यायला येणारी मुलं जाता जाता काय लावून दाखवतात ते तुमच्याही लक्षात आलं असेल. हेलिकॉप्टर! ते डाव्या कोपऱ्यातून निघतं, डोक्यावरून घरघरत मागे जातं, खिडक्यांची तावदानं थरथरतात, घरातली पोरं खूश होतात आणि मुलगा सही घेऊन निघून जातो. माणूस बोललेला कसा ऐकू येतो, हे कुणी लावून दाखवत नाही. माझं म्हणणं असं, की आधी दोन माणसं बसून बोलताहेत असं एखादं साधं दृश्य लावा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला समोर बसवा, आणि त्याला शब्द कळले की मग खुशाल हेलिकॉप्टर उडवा.

एवढं तावातावाने लिहायचं कारण म्हणजे हल्ली बऱ्याच घरांत एक निकाल फार लवकर लागतो. ‘बाबांना ऐकू येत नाही.’ झालं. मग बाबांशी ओरडून बोलायचं, नाहीतर बोलायचंच नाही.

आमच्याकडे मागच्या दिवाळीत पुण्याच्या मुलाने रिसीव्हर, पाच स्पीकर आणि तो धमधम करणारा सबवूफर पाठवला. नागपूरहून एकजण येऊन सगळं जोडून गेला. महिन्याभरात ह्यांनी हॉलमध्ये बसणंच सोडलं. सिनेमा सुरू झाला की पंधरा मिनिटांत उठायचे आणि ओसरीवर जाऊन बसायचे. ‘काय बोलतात ते समजत नाही’, एवढंच म्हणायचे. ह्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. मुलगी फोनवर म्हणाली, मशीन घेऊन टाकू. नातू म्हणाला, “आबांना पाहिजे तेवढंच ऐकू येते, आजी!” नागपूरला नेऊन कान तपासून आणले. उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात, वयाप्रमाणे आहे, मशीनची घाई नाही, असं डॉक्टर म्हणाले. तरी घरातला निकाल काही बदलला नाही.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. सह्याद्रीवरच्या बातम्या हे त्याच खुर्चीत बसून नीट ऐकत. मला पुन्हा सांगतही. कान खराब असते तर ते बातम्यांना चांगले आणि सिनेमाला वाईट कसे? चाळीस वर्षं वर्गावर काढली की एवढं तर कळतं, की एका विषयात पहिला येणारा मुलगा दुसऱ्यात नापास होत असेल तर आधी प्रश्नपत्रिका बघावी. :-)

म्हणून मी सोबतचं पुस्तक घेऊन बसले. (इंग्रजीच होतं, पण चित्रं होती आणि नातू होता.) त्यातून जे कळलं ते सांगते. बातम्यांचा आवाज दोन वाटांनी येतो, डावी आणि उजवी. निवेदिकेचा आवाज दोन्हींत सारखा असतो. नव्या सिनेमाचा आवाज मात्र ५.१ असतो, म्हणजे समोर डावा, मधला, उजवा, मागे दोन, आणि तो ‘.१’ म्हणजे धमधम. यात बोलणं बहुतेक सगळं मधल्या स्पीकरला दिलेलं असतं. ही रीत थिएटरातली. तिथे पडद्याला बारीक बारीक भोकं असतात आणि मधला स्पीकर पडद्याच्या मागे असतो. मग अगदी कडेच्या खुर्चीवरच्या माणसालाही शब्द नटाच्या तोंडूनच आल्यासारखे वाटतात. आता हा एक स्पीकर गप्प बसला तर काय होईल? संगीत येईल, पाऊस येईल, हेलिकॉप्टर येईल, आणि माणसं भिंतीपलीकडून बोलल्यासारखी होतील.

प्रत्येक रिसीव्हरमध्ये चाचणीचा आवाज असतो. तो सुरू केला की एकेका स्पीकरमधून आळीपाळीने ‘खस्सs’ येतं. टीव्ही, केबल, सिनेमा यांचा त्यात काही संबंध नसतो, त्यामुळे हजेरी घ्यायला उत्तम. डावा हजर. मधला... गैरहजर! उजवा हजर. रिसीव्हर बंद करून, प्लग काढून मागे बघितलं, तर मधल्या स्पीकरच्या तारेचं प्लास्टिक पुरतं सोललेलंच नव्हतं. स्क्रूने तांबं सोडून प्लास्टिकच आवळलेलं. रिसीव्हर बिचारा समजत होता की मधला स्पीकर आहे, म्हणून सगळी बोलणी इमाने इतबारे तिकडेच पाठवत होता. ‘मधला नाही’ असं त्याला सेटिंगमध्ये सांगितलं असतं, तर त्याने ती डाव्या-उजव्याला वाटून तरी दिली असती.

नातवाने तार सोलली, तांब्याचा पीळ नीट वळून बसवला. (त्याचा एक केस जरी शेजारच्या स्क्रूला टेकला तर रिसीव्हर स्वतःहून बंद पडतो. लाल ते लाल, काळी ते काळी. हे उलटं झालं तर आवाज येतो, पण पोकळ येतो.) सगळं मिळून वीस मिनिटांचं काम.

मग बाकीच्यांना इतके दिवस कसं कळलं नाही? तर पोरं खाली येणारी इंग्रजी अक्षरं वाचत होती! ती सिनेमा ऐकत नव्हतीच. आवाज बारीक वाटला तर ‘आजकालचे सिनेमे असेच असतात’ म्हणत होती. ज्या एका माणसाला ती अक्षरं दिसत नव्हती त्याने खरी तक्रार केली, आणि तपासणी त्याचीच झाली. याचा मला अजून राग आहे.

कानांचा वाटा अजिबात नसतो असं मी म्हणत नाही. शब्दातला मोठा, ठसठशीत भाग स्वरांचा असतो आणि ते खालच्या पट्टीत असतात. क, त, प, स, श ही मंडळी हलकी आणि वरच्या पट्टीतली. वयाबरोबर तीच आधी निसटतात. ताट, पाट, खाट यांतला ‘आ’ ऐकू येतो, पुढचं अक्षर अंदाजाने लावावं लागतं. अशा कानाला नुसता आवाज वाढवून काही मिळत नाही, उलट धमधम वाढते आणि उरलेली व्यंजनं तिच्याखाली दबतात. म्हणून आम्ही मधला स्पीकर ३ डेसिबलने वर घेतला, सबवूफर खाली आणला, आणि रात्रीसाठी असते ती सोय कायमची चालू ठेवली. तिने मोठे आवाज आवरतात आणि बारीक वर येतात. सिनेमाचा आवाज मुळात मोठ्या थिएटरसाठी बांधलेला, त्यातली चढउतार आपल्या बारा बाय पंधराच्या खोलीत कशाला हवी?

माझं माहेर साकोलीकडचं. झाडीपट्टीची नाटकं रात्र रात्र बघितलेली आहेत. तिथे पडदे फाटके चालतील, झगमगाट कमी चालेल, पण शेवटी बैलगाडीपाशी बसलेल्या माणसाला वाक्य ऐकू आलं नाही तर नटाची धडगत नसे. ऐकणाऱ्याला कुणी बहिरा म्हणत नव्हतं.

असो. आणखी दोनतीन गोष्टी, तुमच्या उपयोगाच्या. टीव्हीला तीनचार एचडीएमआय भोकं असतात, पण रिसीव्हरकडे आवाज परत पाठवणारं एखादंच, त्यावर एआरसी असं लिहिलेलं असतं. तार दुसरीकडे खोचली तर टीव्हीतले कार्यक्रम रिसीव्हरवर मुकेच. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज ‘पीसीएम’ असा ठेवला तर या वाटेने दोनच वाटांचा आवाज जातो आणि मागचे स्पीकर उगाच बिघडल्यासारखे वाटतात. आमच्याकडे लाइन गेली-आली की टीव्ही आणि रिसीव्हर एकमेकांना ओळखत नाहीत. दोघांचे प्लग काढून पाच मिनिटं थांबायचं, मग पुन्हा लावायचं. आणि काहीही करताना एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणारच नाही.

तार बसवल्यावर ह्यांनी पहिला सिनेमा मागितला ‘श्यामची आई’, १९५३चा. तो लागला आणि नातू ओरडला, “आजी, आता बाकीचे बंद पडले!” बंद काही पडलं नव्हतं. त्या काळचा आवाज एकाच वाटेचा. डावीकडे उजवीकडे अगदी सारखा आवाज आला, की सराउंडवर ठेवलेला रिसीव्हर तो सगळा मध्ये पाठवतो. म्हणजे बाकीचे गप्प राहणं हेच बरोबर. हे दोन तास हलले नाहीत.

त्या डब्यात एक छोटा माइकही निघाला, प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेला. तो बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवला की रिसीव्हर एकेका स्पीकरला हाक मारतो आणि कोण किती लांब ते स्वतःच मोजतो. त्याच दिवशी तो लावला असता तर मधला गैरहजर आहे हे तिथेच कळलं असतं. मोजताना पंखा बंद हवा, शेजारच्या पिठाच्या गिरणीची वेळ टाळायची. आम्ही पहाटे साडेपाचला केलं.

आता प्रश्न उरला आहे कुलरचा. रामटेकच्या मे महिन्यात तो बंद ठेवून सिनेमा बघणं शक्य नाही, आणि त्याची घरघर नेमकी शब्दांवर बसते. सध्या तो खिडकीतून काढून पलीकडच्या खोलीच्या दारात ठेवून बघतोय. हवा जरा कमी येते. हे म्हणतात, चालेल.